वजन परत आले, बळ का आले नाही? : पेशीतील प्रथिनांचा जमाखर्च



दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझे थोरले बंधू न्यूमोनियाने आजारी पडले. वय बहात्तर. चिंचवड स्टेशन परिसरात त्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे आणि चाळीस वर्षे त्याच गादीवर बसून त्यांनी व्यापार केला. अकरा दिवस रुग्णालयात आणि पुढचे पंधरा दिवस घरी अंथरुणावर गेले. ताप उतरला, छाती मोकळी झाली. दुकानातल्या मालाच्या काट्यावर उभे राहून त्यांनी स्वतःला तोलून पाहिले, तेव्हा पाच किलोंची घट दिसली. वहिनींनी शिरा, सुकामेवा आणि तुपातले लाडू यांची कसर ठेवली नाही. तीन महिन्यांत वजन पूर्ववत झाले आणि घरातील सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु दादा आता गादीवरून उठताना दोन्ही हात टेकू लागले होते. स्थानकाच्या पायऱ्या चढताना त्यांना कठडा लागत होता. एके दिवशी ते मला म्हणाले, "अरे, काटा म्हणतो सगळे परत आले. पाय म्हणतात काहीच आले नाही. यातला खरा कोण?"

ताळेबंद वाचण्यात ज्याची नोकरी गेली, त्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा वाटला. एखाद्या कारखान्याच्या ताळेबंदाची बेरीज गेल्या वर्षीइतकीच असते, पण आत पाहावे तर चालती यंत्रे विकली गेलेली असतात आणि तेवढ्याच किमतीचा न खपणारा माल गोदामात साचलेला असतो. बेरीज तीच, कारखाना मात्र तो नव्हे. दादांच्या देहात असेच काही घडले होते काय? मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला होता. या प्रश्नाच्या निमित्ताने गेले वर्षभर जे वाचले आणि परिचित डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आपल्या समाजातील कुटुंबांना उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे मांडत आहे.

रोजची मोडणी, रोजची बांधणी

आपल्या देहातील स्नायू, त्वचा, रक्त आणि पाचकरस या सर्वांचे मुख्य बांधकाम-साहित्य म्हणजे प्रथिने. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी एका विशिष्ट क्रमाने ओवले की एक प्रथिन तयार होते. देह म्हणजे एक इंजिन, अन्न हे त्याचे इंधन आणि झिजेल तेवढाच भाग बदलला जातो, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत रूढ होता. १९३० च्या दशकात रुडॉल्फ शोएनहायमर या जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या शास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नायट्रोजनचा जड समस्थानिक वापरून अमिनो आम्लांवर एक प्रकारची खूण केली आणि ती आम्ले उंदरांच्या आहारात मिसळली. ती जळून बाहेर पडतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांतील मोठा भाग देहाच्या प्रथिनांत जाऊन बसलेला आढळला, आणि तरीही उंदराचे वजन बदलले नव्हते. याचा अर्थ एकच होता : जेवढे नवे आत बसले, तेवढेच जुने मोडून बाहेर पडले होते.

आज आपल्याला ठाऊक आहे की सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या देहात दररोज सुमारे अडीचशे ते तीनशे ग्रॅम प्रथिने मोडली जातात आणि जवळपास तेवढीच नव्याने बांधली जातात. अन्नातून येणारी प्रथिने मात्र साठ-सत्तर ग्रॅमच असतात. उरलेले सारे बांधकाम मोडलेल्या प्रथिनांतून सुटलेल्या अमिनो आम्लांवरच चालते. थोड्या भांडवलावर मोठी उलाढाल कशी करावी, हे आपल्या पूर्वजांनी ज्या चोखपणे जाणले होते, त्याच चोखपणे पेशीही जाणते.

हे वाचताना तत्त्वार्थसूत्रातील उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तीन पदांची आठवण होणे स्वाभाविक आहे. निर्माण होणे, नष्ट होणे आणि टिकून राहणे या तिन्हींनी मिळून वस्तूचे सत्त्व बनते, असे आचार्य उमास्वाती सांगतात. आगमांत आधुनिक विज्ञान शोधण्याचा माझा हेतू नाही, कारण तत्त्वज्ञानाची भाषा वेगळी आणि प्रयोगशाळेची वेगळी. परंतु देह स्थिर दिसतो तो सतत चालणाऱ्या उत्पाद-व्ययामुळेच, ही गोष्ट आपल्या घरांत वाढलेल्या वाचकाला परकी वाटणार नाही, एवढेच म्हणतो.

लाल पट्टी

पेशीत हजारो प्रकारची प्रथिने एकाच वेळी काम करीत असतात. त्यांतले कोणते मोडायचे, हे ठरते कसे?

भोसरी आणि चाकणच्या शाखांत असताना कर्जदार कारखान्यांच्या मालाची तपासणी करण्याचे काम माझ्याकडे असे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात तपासनीस सदोष भागाला लाल पट्टी लावतो आणि तो भाग लाल पेटीत जातो. त्या मालावर आम्ही कर्जाची मर्यादा धरत नसू. पुढे तो भंगारात जातो, भट्टीत वितळतो आणि कुठल्यातरी नव्या भागाच्या रूपाने पुन्हा त्याच औद्योगिक पट्ट्यात परततो.

पेशीतील व्यवस्था या चित्राच्या पुष्कळ जवळ जाते. तेथील लाल पट्टीचे नाव युबिक्विटिन. हे स्वतःच शहात्तर अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन आहे. जे प्रथिन चुकीचे घडले आहे, झिजले आहे किंवा ज्याचे काम संपले आहे, त्याला या पट्ट्यांची साखळी चिकटवली जाते. चिकटवण्याचे काम विकरांच्या तीन फळ्या करतात. पहिली फळी पट्टी सज्ज करते, दुसरी ती वाहून नेते आणि तिसरी नेमके प्रथिन ओळखून त्यावर ती लावते. मानवी पेशींत पहिल्या फळीत दोन विकरे आहेत, दुसरीत सुमारे चाळीस, तर तिसरीत सहाशेहून अधिक. मंजुरीची सही करणारे अधिकारी थोडे, पण माल पारखणारे तपासनीस शेकडो, अशी ही रचना आहे.

पट्टी लागलेले प्रथिन प्रोटिएसोम नावाच्या पिंपासारख्या यंत्राकडे जाते. या पिंपाचे तोंड झाकलेले असते. झाकणावर पट्टी ओळखली जाते, ती काढून पुन्हा वापरण्यासाठी ठेवली जाते, प्रथिनाची गुंडाळी उलगडली जाते आणि मग ते आत ओढून त्याचे बारीक तुकडे केले जातात. तुकड्यांची पुढे अमिनो आम्ले होतात. कातरणारी पाती पिंपाच्या आतल्या बाजूस असल्याने पेशीतील चांगल्या प्रथिनांना त्यांचा धक्का लागत नाही.

या शोधामागे एक साधे कोडे होते. बांधायला ऊर्जा लागते हे समजते, पण मोडायलाही पेशी ऊर्जा का खर्च करते? इस्रायलमधील हैफा येथील टेक्निऑन संस्थेतील अव्रम हर्शको व त्यांचे विद्यार्थी आरोन चिकानोव्हर आणि अमेरिकेतील आयर्विन रोझ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस या कोड्याचा छडा लावला. ऊर्जेचा मोठा वाटा मोडण्यापूर्वीच्या निवडीवर खर्च होतो : योग्य प्रथिन पारखणे, त्यावर पट्टी लावणे, ते उलगडणे. २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. ज्याने कधी कर्जप्रकरणांची छाननी केली आहे, त्याला निवड करणे फुकट होत नाही हे निराळे सांगावे लागत नाही.

नोबेल आणि उपवास

मोडणीची दुसरीही एक व्यवस्था पेशीत आहे. जीर्ण झालेला मोठा भाग एका पिशवीत बंद करून तो लायसोसोम नावाच्या पाचक कोठीत रिता केला जातो. या क्रियेला ऑटोफॅजी, म्हणजे स्वभक्षण, असे नाव १९६३ मध्ये ख्रिश्चन द दूव्ह यांनी दिले. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी १९९० च्या दशकात यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवून ही क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि तिला लागणारी जनुके शोधली. त्यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

दर पर्युषणात आपल्या मोबाइलवर एक संदेश फिरतो : 'उपवासाला नोबेल मिळाले, जैन धर्म विज्ञानाने सिद्ध केला.' हा संदेश पाठवण्यामागील श्रद्धा मला समजते, पण तो खरा नाही. ओसुमी यांना पारितोषिक मिळाले ते यीस्टमधील जनुकांच्या आणि यंत्रणेच्या शोधासाठी. अठाई किंवा मासखमण करणाऱ्या माणसाची त्यांनी तपासणी केली नव्हती. तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा आहे आणि त्याला स्वीडनच्या शिक्क्याची गरज नाही. शिवाय या संदेशाने एक नुकसान होते. उपवासात फक्त 'कचराच' मोडला जातो, असा समज त्यातून पसरतो. उपवासात आणि आजारपणात चांगले, कामाचे स्नायूही मोडले जातात, ही गोष्ट त्यात झाकली जाते.

स्नायू : देहाची मुदत ठेव

चरबी साठवण्यासाठी देहाकडे स्वतंत्र कोठारे आहेत. यकृतात थोडी साखरही साठते. प्रथिनांचे मात्र असे कोठार नाही. प्रत्येक प्रथिन कुठे ना कुठे कामावर असते. म्हणून गरज पडली की देह स्नायूंकडे वळतो. प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण तीस ते चाळीस टक्के भाग स्नायूंचा असतो आणि जखम भरण्यासाठी, जंतूंशी लढणाऱ्या पेशी घडवण्यासाठी, मेंदूला साखर पुरवण्यासाठी लागणारी अमिनो आम्ले याच ठेवीतून काढली जातात. मुदतीपूर्वी ठेव मोडल्याने व्याज बुडते, पण घरातले संकट टळते. मोडणी हा देहाचा दोष नव्हे, ती त्याने केलेली तजवीज आहे.

ही ठेव मोडण्याचा आदेश कोण देते, याचा उलगडा २००१ मध्ये झाला. स्नायू क्षीण होत असताना पट्टी लावणाऱ्या तिसऱ्या फळीतील दोन विकरे एकाएकी कितीतरी पटींनी वाढतात, असे अमेरिकेतील दोन गटांना स्वतंत्रपणे आढळले. अॅट्रोजिन आणि मर्फ अशी त्यांची नावे. उपासमार, दीर्घ अंथरूण, अनियंत्रित मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग, तीव्र जंतुसंसर्ग, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे अशी कारणे वेगवेगळी असली, तरी बहुतेकांत हेच दोन तपासनीस कामाला लागलेले दिसतात. त्यांना आवर घालणारे दोन प्रमुख संकेत आहेत. एक इन्सुलिनचा, म्हणजे पोटात अन्न आल्याचा, आणि दुसरा स्नायूवर पडणाऱ्या भाराचा. दादा आजारी असताना हे दोन्ही संकेत एकाच वेळी मंदावले होते. अन्न जात नव्हते, पाय जमिनीला लागत नव्हते आणि संसर्ग चालू होता. ठेव तिन्ही बाजूंनी मोडली जात होती.

केवळ अंथरुणावर पडून राहण्याची किंमत किती असते, याचे उत्तर अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळते. निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले. त्यांना कोणताही आजार नव्हता, जेवण वेळेवर मिळत होते. तरीही दहा दिवसांत केवळ पायांतून सुमारे एक किलो चरबीविरहित वजन, म्हणजे प्रामुख्याने स्नायू, गेले होते.

क्षय या शब्दाचा अर्थ

मराठीत टीबीला क्षय म्हणतात, कारण त्यात माणूस डोळ्यांदेखत झिजत जातो. पिंपरीच्या मातीशी या शब्दाचे जवळचे नाते आहे. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिनही तेथे बनू लागले. मोटारींचे कारखाने येथे पसरण्याआधी पिंपरीची ओळख या औषधांनी झाली होती.

त्या औषधांनी जंतू मरत, पण माणूस झिजतो का, याचे उत्तर पुढे मिळाले. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी रुग्ण प्राण्यांना झिजवणारे एक प्रथिन वेगळे केले आणि त्याला 'कॅकेक्टिन', म्हणजे झिजवणारे, असे नाव दिले. तेच आज टीएनएफ या नावाने ओळखले जाते. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी ते सोडतात आणि स्नायूंतील मोडणीला त्याने वेग येतो. म्हणजे झीज हा जंतूंनी थेट केलेला घास नव्हे. देहाने लढाईसाठी स्वतःच्या ठेवीतून काढलेला तो खर्च आहे. लढाई संपल्यावर तो भरून काढणे हे आपले काम, आणि नेमके तेथेच आपण चुकतो.

मोडणीच थांबवणारे औषध का बनवू नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. हार्वर्डचे आल्फ्रेड गोल्डबर्ग यांच्याही मनात तो आला होता. स्नायूंचा क्षय रोखण्याच्या उद्देशाने त्यांनी १९९३ मध्ये एक कंपनी स्थापन केली आणि प्रोटिएसोमला अडवणारी संयुगे शोधली. परंतु साऱ्या देहातील कचरा उचलणे थांबवले, तर पेशी गुदमरतात. त्या प्रयत्नांतून निघालेले बॉर्टेझोमिब हे औषध २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, ते मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी. तेथे पेशींचे गुदमरणेच हवे असते. स्नायूंसाठी अजूनही अन्न आणि भार हेच दोन विश्वासाचे उपाय आहेत.

पुण्यात मोजलेले सत्य

आता आपल्या घराकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांशी केली, तेव्हा आपल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आणि तिकडच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो भरले. ही तूट सर्वत्र सारखी नव्हती. स्नायूंची तूट मोठी होती, त्वचेखालची चरबी मात्र बऱ्याच अंशी टिकून होती. या देहयष्टीला त्यांनी 'बारीक पण चरबीयुक्त' असे म्हटले.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच शरीरे तुलनेसाठी मांडली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असा एकच होता. चरबीचे प्रमाण मात्र डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. काट्याने दोघांना एकच गुण दिले होते. दादांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आजारपणाच्या कितीतरी आधी पुण्यातच मोजले गेले होते.

यात आपल्यासाठी इशारा आहे. स्नायूंचे मूळ भांडवल कमी, त्यात दुकानाच्या गादीवर किंवा कार्यालयाच्या खुर्चीत बसण्याचा व्यवसाय, माल उचलायला नोकर, दारात मोटार. तिशी-चाळिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी काही टक्क्यांनी घटत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ज्याची ठेव मुळातच थोडी, त्याला एक मोठे आजारपणही भारी पडते.

तप आणि पारणे

उपवासात स्नायूंचे काय होते, याचा काटेकोर अभ्यास अमेरिकेत डॉ. जॉर्ज केहिल यांनी १९६० च्या दशकात केला. रुग्णालयाच्या देखरेखीखाली केवळ पाणी, क्षार व जीवनसत्त्वे यांवर राहिलेल्या स्थूल व्यक्तींचे मापन त्यांनी केले. यकृतातील साखर साधारण एका दिवसात संपते. मेंदूला मात्र रोज शंभर ग्रॅमहून अधिक साखर लागते आणि चरबीपासून ती फारच थोडी बनू शकते. म्हणून पहिल्या काही दिवसांत दररोज सुमारे पंचाहत्तर ग्रॅम प्रथिने मोडली जातात. स्नायूंच्या वजनात मोजले, तर हा खर्च रोज पाव किलोच्या वर जातो. हळूहळू यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये बनवते, मेंदू ती वापरू लागतो आणि काही आठवड्यांत प्रथिनांचा खर्च दिवसाला सुमारे वीस ग्रॅमपर्यंत उतरतो. देहही आपला संयम शिकतो. पण याचा अर्थ लांब उपवास स्वस्त पडतो, असा कोणी काढू नये. अठाईचे आठ दिवस तर बहुतांशी महागड्या काळातच येतात.

तरुण आणि निरोगी तपस्वी हा खर्च पुढे भरून काढू शकतो. सत्तरीच्या पुढचे, नुकतेच आजारातून उठलेले, मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे विकार असलेले यांची गोष्ट वेगळी. आपल्या परंपरेने तपाला 'यथाशक्ती' हे विशेषण उगाच जोडलेले नाही, आणि पच्चक्खाणात आगारही ठेवले आहेत. डॉक्टरांना विचारणे म्हणजे श्रद्धा कमी होणे नव्हे. आपली शक्ती किती हे जाणणे, हाही तपाच्या तयारीचाच भाग आहे.

पारण्याबद्दल दोन शब्द. दीर्घ उपवासानंतर एकदम गोडधोड पोटात गेले, तर रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढले जाऊन हृदयावर संकट येऊ शकते. मुगाच्या पाण्यावर, पातळ पेजेवर उपवास सोडण्याची वडीलधाऱ्यांची रीत शहाणपणाची आहे. आग्रहाचे ताट पहिल्या दिवशी नको. आणि गेलेले स्नायू परत यावेत असे वाटत असेल, तर पुढचे सहा-आठ आठवडे महत्त्वाचे. शिरा-लाडवांनी काटा भरतो, पण प्रथिने आणि भार नसेल तर ती जमा चरबीच्या खात्यात होते. आमच्या वहिनींच्या प्रेमात कमतरता नव्हती. भरणा फक्त चुकीच्या खात्यात झाला.

भरणा कसा करावा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. धान्यावर भर असलेल्या शाकाहारात एक ग्रॅम धरणे सोयीचे. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ एक ते १.२ ग्रॅम सुचवतात, कारण जेवढ्या प्रथिनाने तरुण स्नायूंत बांधणी सुरू होते, तेवढ्याने वृद्ध स्नायूंत होत नाही. म्हणजे साठ किलोच्या गृहस्थाला दिवसाला साठ ग्रॅम तरी हवेत. मी माझ्या स्वतःच्या थाळीची बेरीज केली. सकाळी चहा-खाकरा, दुपारी पोळ्या, भाजी आणि पातळ वरण, सूर्यास्तापूर्वी पुन्हा तेच. बेरीज चाळीसच्या पुढे जाईना.

उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. एक वाटी घट्ट डाळीत साधारण सहा-सात ग्रॅम, एक पेला दुधात तेवढेच, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास प्रथिने असतात. मुगाचे चिले, बेसनाचे पिठले, सोयाबीन घालून दळलेले पोळीचे पीठ यांपैकी कशातही कंदमूळ नाही. धान्यात जे अमिनो आम्ल कमी ते डाळीत भरपूर, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. त्यामुळे खिचडी आणि डाळ-भात ही जोडी दोघांची तूट भागवते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी डाळ एका जेवणात आणि दही-ताक दुसऱ्या जेवणात ठेवावे, म्हणजे दोन्ही मिळतात. चौविहार पाळणाऱ्यांचा रात्रीचा काळ मोठा असतो. त्यांनी शेवटचे जेवण चुरमुऱ्यांवर भागवू नये, आणि नवकारसीनंतरच्या पहिल्या जेवणात डाळ किंवा दूध अवश्य असावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसरा उपाय भाराचा. चालणे हृदयाला उत्तम, पण केवळ चालण्याने मांड्यांचे स्नायू पुरेसे भरत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, जिना चढणे, हातात वजन घेऊन उचलणे हे आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी व्हावे. रुग्णालयात असतानाही डॉक्टरांची परवानगी मिळताच रुग्णाला खुर्चीत बसवावे, चार पावले चालवावे. 'आराम करू द्या' हे आपले मायेचे वाक्य बेताने वापरावे.

तपासणीही घरीच करता येते. हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठावे आणि बसावे. आशियाई तज्ज्ञ गटाच्या २०१९ च्या निकषांनुसार बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर स्नायूंचे बळ कमी पडत असल्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांकडे जावे. मुठीची पकड मोजण्याचे साधन मिळाले, तर पुरुषांत २८ किलो आणि स्त्रियांत १८ किलो ही खालची मर्यादा समजावी.

दादांना पहिल्या दिवशी सतरा सेकंद लागले. त्या वर्षी त्यांनी महासतीजींना सर्व सांगितले आणि अठाईऐवजी बियासने केले. दुकानात गादीशेजारी एक उंच खुर्ची आली. खिळ्यांची दोन-दोन किलोंची पाकिटे नोकराकडून न मागवता ते स्वतः उठून काढू लागले. वहिनींनी लाडवांचा डबा बंद केला नाही, पण त्यात आता भाजलेल्या डाळ्याचे पीठ असते. आठ महिन्यांनी सतराचे अकरा सेकंद झाले. वजन मात्र दीड किलोने कमीच भरले आणि त्याची घरात कोणाला चिंता वाटली नाही.

दुकानातला काटा आता फक्त मालासाठी आहे. दादा रोज सकाळी शटर उघडल्यावर खुर्चीवरून पाच वेळा उठतात आणि समोरच्या घड्याळाकडे पाहतात.